शोकाचे नाव : वीरगळ, ताबूत आणि तंबू

१

बीड जिल्ह्यातील धर्मापुरीचे केदारेश्वर मंदिर मराठवाड्याच्या शिल्पवैभवाचा एक ठळक पुरावा म्हणून ओळखले जाते. उत्तर चालुक्यकाळातील या मंदिराच्या बाह्यांगावरील सुरसुंदरी, त्यांचे विभ्रम, वस्त्राभरणांचे तपशील यांविषयी अभ्यासकांनी आस्थेने लिहिले आहे. या कलेला आश्रयदाता आहे, शास्त्र आहे, कुशल कारागिरांची परंपरा आहे. म्हणूनच तिचा विचार शैली, प्रमाण आणि प्रतिमाविद्या या परिचित परिभाषेत करता येतो. परंतु बालाघाटाच्या याच टापूत, गावोगावच्या मारुतीच्या पारालगत किंवा वेशीबाहेर, दुसऱ्या एका कलेचे अवशेष मातीत अर्धे रुतून उभे असतात. तेल-शेंदराने त्यांचा आकार बुजलेला असतो. गावकरी त्यांना देव म्हणून नमस्कार करतात. ते देव नसतात. ती कोणे एके काळी मेलेल्या माणसांची स्मारके असतात. त्यांना वीरगळ म्हणतात.

मंदिर आणि वीरगळ यांतील भेद केवळ कलाकौशल्याच्या प्रतीचा नाही. वीरगळ शोकातून जन्मलेला असतो, आणि तो शोक एका व्यक्तीचा नसून एका समूहाचा असतो. अशा सामूहिक शोककलेचा विचार करताना रूढ साहित्यशास्त्रीय साधने कितपत उपयोगी पडतात, हा प्रश्न येथे महत्त्वाचा ठरतो. संस्कृत काव्यशास्त्राने शोकाला करुणरसाचा स्थायीभाव मानले आणि क्रौंचवधाच्या कथेतून काव्याचा उगमच शोकाशी जोडला. मात्र शोकाचे रसात रूपांतर होण्यासाठी भट्टनायकाने सांगितलेली साधारणीकरणाची प्रक्रिया आवश्यक ठरते. विशिष्ट व्यक्तीचे विशिष्ट दुःख देशकालाच्या बंधनातून सुटते, 'याचे' किंवा 'त्याचे' राहत नाही, तेव्हाच ते आस्वाद्य होते. रंगमंचावरील रामाच्या विलापाला हे लागू पडते. पण ज्या कलेचे प्रयोजनच 'अमुक एक माणूस मेला' हे विसरू न देण्याचे आहे, तिच्या बाबतीत काय म्हणायचे? तेथे मृताचे नाव सुटले, तर रस कदाचित निष्पन्न होईल, परंतु स्मरण संपेल. आस्वाद आणि स्मरण यांतील हा ताण सामूहिक शोककलेच्या मुळाशी आहे. मराठवाड्याच्या इतिहासात त्याची तीन-चार भिन्न रूपे आढळतात. पॅलेस्टाइनमधील युद्धबळींच्या स्मरणार्थ गेल्या काही दशकांत निर्माण झालेल्या कलेकडे पाहण्याची दृष्टीही त्यांच्यापासून मिळू शकते.

२

वीरगळाची रचना बहुतांशी ठरलेली असते. तळच्या चौकटीत लढाई किंवा धारातीर्थी पडलेला वीर. अनेकदा शेजारी गायीगुरे, म्हणजे गोधन लुटण्यास आलेल्यांशी लढताना आलेले मरण. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेत आहेत; सर्वांत वर तो शिवलिंगाची पूजा करतो आहे आणि शिखराशी चंद्र-सूर्य कोरलेले आहेत, हे स्मरण आचंद्रसूर्य टिकावे म्हणून. खालून वर वाचावयाची ही कथा आहे, आणि तिची दिशा अर्थपूर्ण आहे. मरण खाली आहे, मोक्ष वर आहे. पाहणाऱ्याची नजर जसजशी वर चढते तसतसा शोक मागे पडतो आणि त्याची जागा आधी वीराला, मग भक्तीला मिळते.

कर्नाटकातील अनेक वीरगळांवर लेख आढळतात. महाराष्ट्रातील बहुसंख्य वीरगळ मात्र अलेख आहेत. ज्या पिढीने दगड उभारला तिला नाव कोरण्याची गरज वाटली नसावी, कारण ते सर्वांना ठाऊक होते. दोन-तीन पिढ्यांनी जाणणारे संपले, दगड उरला, आणि गावाने त्याला देव केले. यात अवमान नाही; उलट पूजेमुळेच पुष्कळसे वीरगळ टिकले. परंतु साधारणीकरणाची परिसीमा जर कोठे पाहावयाची असेल तर ती येथे आहे. माणसाचे नाव पूर्णपणे विरून गेले आणि शेंदूर उरला.

वीरगळाची आणखी एक मर्यादा लक्षात घ्यावी लागेल. तो लढून मेलेल्याचा असतो. त्याच धाडीत घरात जळून मेलेली म्हातारी, पळताना मारले गेलेले मूल, यांच्यासाठी दगड नाही. स्त्रीला शिळा मिळते ती सती गेली तर. काटकोनात वळलेला, बांगड्या भरलेला हात तिची खूण म्हणून कोरला जातो, म्हणजे तिचेही मरण पराक्रमाच्या भाषेतच नोंदले जाते. थोडक्यात, या कलारूपात शोकाला प्रवेश मिळतो तो शौर्याच्या दाराने. जो केवळ बळी आहे, ज्याने काहीही 'केले' नाही, त्याच्यासाठी या परंपरेने रूप घडवले नाही.

३

असे रूप दख्खनेत दुसऱ्या एका परंपरेने घडवले. इ. स. ६८० मध्ये करबला येथे हुसेन आणि त्यांचे आप्त-सोबती मारले गेले. त्यांचा शोक गाणारे काव्य दख्खनी भाषेत फार लवकर अवतरले. अंबडशी निगडित असलेल्या अशरफ बियाबानी यांचे 'नौसरहार' हे करबलाविषयीचे दीर्घकाव्य १५०३च्या सुमाराचे आहे. दख्खनीतील या विषयावरच्या सर्वांत जुन्या काव्यांपैकी एक मराठवाड्याच्या भूमीशी जोडलेले असावे, ही गोष्ट मराठी वाङ्मयेतिहासाने अधिक गांभीर्याने घेण्यासारखी आहे. पुढे गोवळकोंड्याचा मुहम्मद कुली कुत्बशाह यानेही मर्सिये रचले. पण मर्सिया दरबारात राहिला नाही. तो गावात आला तेव्हा त्याच्याबरोबर ताबूत आला, पंजे आले, सवाऱ्या आल्या, अलावा पेटला, चोंगे आणि सरबत आले. ताबूत बांबू आणि कागदाचा. तो दरवर्षी नव्याने करावयाचा आणि दहाव्या दिवशी थंड करावयाचा. दगडाच्या अगदी उलट त्याचे द्रव्य आहे. तो टिकण्यासाठी नसतोच. टिकतो तो करण्याचा प्रघात.

मराठवाड्यातील आणि सीमाभागातील कितीतरी गावांत या प्रघातात हिंदू घराण्यांचा सहभाग राहिला आहे. नवसाचे मूल फकीर करणे, सवारी धरणे, सीमाभागात रिवायतीची पदे गाणे या गोष्टी एका धर्माच्या मर्यादेत राहिल्या नाहीत. वाङ्मयीन दृष्टीने येथे घडते ते विलक्षण आहे. हुसेन, अब्बास, तान्हा असगर ही नावे सुटत नाहीत. उलट नावांवरच सारा भर असतो. तहान, फुरातचे पाणी, रिकामा परतलेला घोडा हे तपशीलही तेच राहतात. बदलतो तो शोक करणारा. बालाघाटातला कुणबी ज्याला अरबस्तान कोठे आहे हे ठाऊक नाही, तो एका परक्या मुलाच्या तहानेसाठी छाती पिटतो. साधारणीकरणाच्या सिद्धान्तात विशिष्टाचे सामान्य होते; येथे विशिष्ट विशिष्टच राहते आणि रडणाऱ्यांचे वर्तुळ तेवढे वाढते. या प्रक्रियेला नामनिष्ठ शोक म्हणता येईल. बळीला बळी म्हणून, तान्ह्या मुलाला तान्हे मूल म्हणून स्मरण्याची सोय वीरगळाने केली नव्हती. ती या रूपाने केली.

हे वर्तुळ आकुंचितही होऊ शकते, याचा दाखला इतिहासात आहे. १८९३च्या मुंबईतील दंगलीनंतर पुण्यात गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप आले. त्या काळच्या मेळ्यांच्या काही पदांत हिंदूंनी ताबुतांकडे पाठ फिरवावी असे आवाहन होते. एका समूहाने दुसऱ्याच्या शोकातून आपले अंग काढून घ्यावे, यासाठी गीतरचना व्हावी, ही घटना कलेच्या सामर्थ्याचीच साक्ष आहे. केवळ त्या सामर्थ्याची दिशा उलटी आहे. निजामाच्या राज्यात असलेल्या बीड भागात हे वारे उशिरा पोहोचले. पोहोचले तेव्हा मात्र ते केवळ गीतांपुरते राहिले नाही.

४

हैदराबाद मुक्तिसंग्रामाने मराठवाड्याला नवे वीरगळ दिले. २९ ऑक्टोबर १९४६ रोजी बिलोलीजवळच्या अर्जापूर येथे गोविंदराव पानसरे यांची हत्या झाली. त्यानंतरच्या दोन वर्षांत रझाकारांच्या अत्याचारांत अनेकांचे बळी गेले. आज कर्नाटकात असलेल्या बीदर जिल्ह्यातील गोरटा या गावी मे १९४८ मधील हत्याकांड आजही सीमाभागाच्या स्मृतीत जिवंत आहे. संस्थान विलीन झाले तो १७ सप्टेंबर १९४८ हा दिवस मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळला जातो. राज्य शासनाने १९८०च्या दशकाच्या आरंभी ठिकठिकाणी हुतात्मा स्मारके उभारली. या स्मारकांची आणि स्तंभांची संरचना वीरगळापेक्षा फार वेगळी नाही. तळाशी मरण, वर ध्वज. नजर पुन्हा शोकाकडून शौर्याकडे नेली जाते. मात्र एक मोलाचा फरक पडला. नावे कोरली गेली.

त्याच वर्षाच्या त्याच महिन्यांत आणखीही माणसे मेली. पोलीस कारवाईनंतर संस्थानच्या अनेक जिल्ह्यांत मुस्लिम वस्त्यांवर हल्ले झाले. केंद्र शासनाने पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांना पाहणीसाठी पाठवले. संपूर्ण संस्थानात मिळून किमान २७ ते ४० हजार लोक मृत्युमुखी पडल्याचा त्यांचा अंदाज होता. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे सर्वाधिक झळ पोहोचलेले जिल्हे; बीडचा समावेश त्यांच्या खालोखालच्या गटात होता. शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांना वाचवल्याच्या घटनाही या अहवालात नोंदल्या आहेत, आणि रझाकारांचे अत्याचारही तो लपवत नाही. अहवाल मात्र अनेक दशके अप्रकाशित राहिला. २०१३ मध्ये तो दिल्लीच्या नेहरू स्मृती संग्रहालयात अभ्यासकांना खुला झाला.

ज्या गावांनी शेकडो वर्षे करबलाच्या परक्या मृतांसाठी ताबूत उचलले, त्यांच्यापुढे आता घरालगतचे मृत होते. या मृतांसाठी रूप नव्हते. ते लढून मेले नव्हते, म्हणून वीरगळाच्या परंपरेत त्यांना जागा नव्हती. मुक्तिसंग्रामासाठी ते मेले नव्हते, म्हणून 'हुतात्मा' या संज्ञेत त्यांची जागा नव्हती. मर्सियाच्या परंपरेत त्यांना जागा मिळू शकली असती, पण तो गाणारी वर्तुळेच मोडली होती. दूरच्या मृताचा शोक करणे सोपे असते, कारण त्याच्या मृत्यूत शोक करणाऱ्याचा हात नसतो. जवळच्या मृताच्या नावाबरोबर मारणाऱ्याचे नावही येते, आणि तेही बहुधा त्याच गावातले असते. सामूहिक शोककलेची खरी कसोटी येथे लागते, आणि मराठवाडा या कसोटीला उतरला असे म्हणता येत नाही. तसे म्हणणे रझाकारांच्या बळींवर अन्याय करणे नव्हे. एका मृताचे नाव घेतल्याने दुसऱ्याचे पुसले जात नाही.

याच भूमीत पुढे एका समूहाने ही कसोटी वेगळ्या रीतीने पार केली. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात झाल्यावर दलित वस्त्यांवर हल्ले झाले. नांदेड जिल्ह्यात पोचिराम कांबळे आणि जनार्दन मवाडे यांचे बळी गेले. पुढे २५ नोव्हेंबर १९९३ रोजी गौतम वाघमारे यांनी नांदेड येथे आत्मदहन केले आणि १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. या मृतांना आधी दगड मिळाला नाही. आधी गीत मिळाले. भीमगीतांच्या, जलशांच्या मंचावरून त्यांची नावे घेतली गेली. दरवर्षी १४ जानेवारीला विद्यापीठाच्या प्रवेशद्वाराशी हजारो लोक नतमस्तक होतात. शैक्षणिक संस्थेच्या कमानीचे त्यांनी स्मारकात रूपांतर केले आहे. जात्यावरच्या ओवीनेही हेच काम केले. माजलगावच्या भीमनगरात १९९६ मध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या ओव्यांत बाबासाहेबांविषयीची आपुलकी घरच्या माणसाच्या नात्याने व्यक्त होते. मराठी समीक्षेने या रचनांना 'प्रचारकी' किंवा 'लोकसाहित्य' अशा कप्प्यांत ठेवले. त्यांत नाव घेण्याच्या कृतीला जे मध्यवर्ती स्थान आहे, त्याकडे लक्ष गेले असते तर त्यांचे मूल्यमापन निराळे झाले असते.

५

१९४८ हे वर्ष मराठवाड्याप्रमाणे पॅलेस्टाइनच्याही स्मृतीत कोरलेले आहे. त्या वर्षीच्या युद्धात सात लाखांहून अधिक पॅलेस्टिनी विस्थापित झाले. त्याला ते 'नकबा', म्हणजे महाअरिष्ट, म्हणतात. इतिहासकार वलीद खालिदी यांनी १९९२ मध्ये सिद्ध केलेल्या ग्रंथात उद्ध्वस्त किंवा निर्जन झालेल्या ४१८ गावांची नोंद आहे. दोन्ही इतिहासांची कारणे आणि परिणाम वेगळे आहेत. त्यांची बरोबरी करणे येथे अभिप्रेत नाही. पाहावयाचे आहे ते एवढेच की, ज्या बळींसाठी राज्यसंस्थेचा दगड उपलब्ध नव्हता, त्यांच्यासाठी समूहाने कोणते रूप शोधले.

ते रूप मुख्यतः कापडाचे आहे. 'तत्रीज' हे पॅलेस्टिनी स्त्रियांचे पारंपरिक भरतकाम. २०२१ मध्ये युनेस्कोने मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत त्याचा समावेश केला. एके काळी झग्यावरील नक्षीवरून स्त्रीचे गाव ओळखता येई. गावे गेली आणि नक्षी हीच गावाची नोंद झाली. १९८७ पासूनच्या पहिल्या इंतिफादात ध्वज फडकवण्यास बंदी असता स्त्रियांनी त्याचे रंग आणि देशाचा नकाशा झग्यांवर भरला. कापड ही वाचण्याची संहिता असू शकते, हे अंबाजोगाईच्या परिसरात निराळे सांगावे लागू नये. दासोपंतांनी 'पंचीकरण' लिहिले ते लांबलचक पासोडीवरच. घरातल्या गेलेल्या माणसाचे लुगडे-धोतर वाकळेत शिवून ती पांघरणाऱ्या समाजाला तर त्यातील शोकही ओळखीचा वाटेल.

एमिली जासिर या पॅलेस्टिनी चित्रकर्तीने २००१ मध्ये खालिदींच्या यादीचा आधार घेऊन एक निर्वासितांचा तंबू मांडला. त्याच्या कापडावर ४१८ गावांची नावे पेन्सिलीने काढलेली होती, आणि ती काळ्या दोऱ्याने भरण्यासाठी तिने न्यूयॉर्कमधील आपले कार्यस्थान खुले केले. शंभराहून अधिक माणसे आली. त्यांत त्या गावांचे वंशज होते, तसे इस्रायली होते, आणि या इतिहासाशी काहीच संबंध नसलेलेही होते. प्रदर्शनात तंबू ठेवला गेला तेव्हा सारी नावे भरून झाली नव्हती. काही नुसती पेन्सिलीतच राहिली.

या कृतीत ताबूत आणि तंबू यांचे नाते स्पष्ट होते. दोन्हींचे द्रव्य नाशवंत आहे, दोन्हींत कर्तृत्व एकट्या कलावंताचे नाही, दोन्हींत नाव अबाधित राहते आणि शोक करणाऱ्यांचे वर्तुळ वाढते. पण तंबू एक पाऊल पुढे जातो. करबलासाठी रडणाऱ्याला कोणाचे देणे नसते. तंबूवर टाका घालणाऱ्या इस्रायलीला मात्र ते नाव कोणी पुसले हे ठाऊक असते. हा जवळच्या मृताचा शोक आहे. २००६ पासून काही पॅलेस्टिनी आणि इस्रायली कुटुंबे दरवर्षी आपापल्या मृतांचे एकत्र स्मरण करतात; तेथेही हीच अवघड गोष्ट घडते.

पॅलेस्टिनी शोककलेतही शौर्याचे आकर्षण आहे. भिंतीवरच्या शहिदांच्या भित्तिचित्रांत वीरगळाचीच दिशा दिसते. परंतु ७ ऑक्टोबर २०२३ रोजी इस्रायलमध्ये सुमारे बाराशे माणसे मारली गेल्यानंतर सुरू झालेल्या गाझातील युद्धाने ही भाषा अपुरी ठरवली. गाझाच्या आरोग्य मंत्रालयाच्या नोंदीनुसार ऑक्टोबर २०२५ पर्यंत मृतांची संख्या ६७ हजारांवर गेली. सप्टेंबर २०२४ मध्ये या मंत्रालयाने ओळख पटलेल्या ३४,३४४ जणांची यादी प्रसिद्ध केली. ती वयाच्या क्रमाने होती, आणि तिच्या आरंभीच्या अनेक पानांवर वर्षही पूर्ण न झालेल्या मुलांची नावे होती. जगभरच्या अनेक शहरांत माणसांनी एकत्र येऊन मृतांची नावे मोठ्याने वाचली. तान्ह्या मुलाला वीर म्हणता येत नाही. त्याचे फक्त नाव घेता येते. केवळ यादी वाचणे ही कला आहे काय, असा प्रश्न कोणी विचारील. मर्सियाच्या परंपरेला तो पडणार नाही.

६

सामूहिक शोककलेचे मूल्यमापन करताना तिची कलात्मक घडण गौण मानावी, असा या विवेचनाचा निष्कर्ष नाही. दगड, कागद, सूर, दोरा यांच्या निवडीतच तिचा अर्थ घडतो, हे वर दिसलेच आहे. निष्कर्ष असा की, या कलेला करुणरसाचा निकष जसाच्या तसा लावता येणार नाही. तिच्यात नाव टिकते काय, जो केवळ बळी आहे त्याला ती जागा देते काय, आणि तिचे वर्तुळ शत्रू मानलेल्या शेजाऱ्याच्या मृतापर्यंत पोहोचते काय, हे तीन प्रश्न तिला विचारावे लागतील. वीरगळ यांपैकी पहिल्या दोन प्रश्नांपाशीच थांबतो. ताबूत दोन ओलांडतो. तिसऱ्यापर्यंत फार थोड्या कलाकृती पोहोचतात, आणि पोहोचल्या तरी अपुऱ्या राहतात.

पॅलेस्टिनी बळींविषयी मराठीत आज सहानुभूतीने लिहिले-बोलले जाते, आणि ते योग्यच आहे. ताबुताच्या परंपरेने दिलेला तो वारसा आहे. मात्र १९४८च्या शरद ऋतूत बीड, उस्मानाबाद, नांदेडच्या गावांत मेलेल्यांची यादी मराठीत अद्याप कोणी मोठ्याने वाचलेली नाही. तशी वाचली जाईल तेव्हा तिच्यात रझाकारांनी मारलेल्यांची नावेही असतील आणि त्यांच्यानंतर मारल्या गेलेल्यांचीही. धर्मापुरीच्या परिसरातल्या शेंदूर माखलेल्या दगडांची नावे आता परत मिळणार नाहीत. ही नावे अजून मिळू शकतात.